दोन काने

सांगलीच्या गावभागात मामाचे घर म्हणजे एका वाड्यातल्या दोन खोल्या. बाहेर पडले की बोळ, आणि बोळाच्या टोकाला तो कामाला होता तो छापखाना. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही गेलो की दुपारी मामी आडवी व्हायची आणि मी मामाचा डबा पोचवायच्या निमित्ताने निघायचो तो संध्याकाळीच परत यायचो. मामा अक्षरांचे खिळे जुळवायचा. ह्या कामाला मराठीत ‘जुळारी’ असा छान शब्द आहे, पण छापखान्यात सगळे कंपोझिटरच म्हणत. ‘जुळारी’ हा शब्द मला पुढे एका पुस्तकात भेटला. मामाला सांगितला तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे लग्नं जुळवतो म्हण की!” खोटे नव्हते. त्या छापखान्याचा निम्मा धंदा लग्नपत्रिकांचा होता.

डाव्या हातात ओळ लावायची स्टिक, उजवा हात केसवर. केस म्हणजे घरे पाडलेला लाकडी खण. इंग्रजीची केस मामाला पोरखेळ वाटायची. देवनागरीचा संसार मोठा: पूर्ण अक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, रफार, उकार, मात्रा, अनुस्वार, आणि एवढ्या घरांतून एकावरही चिठ्ठी नाही. खिळ्यावरचे अक्षर आरशातल्यासारखे उलटे. खिळ्याच्या अंगावर एक बारीक खाच असते. ती वर आली की अक्षर डोक्यावर उभे राहते आणि ओळ डावीकडून उजवीकडे लागत जाते. मामा खिळ्याकडे बघायचाच नाही. बघायचे ते हस्तलिखिताकडे. खाच कुठे आहे ते बोटाला कळायचे. टिक, टिक, टिक, मधे एखादी कोरी पट्टी, पुन्हा टिक, टिक. हाताच्या अगदी खाली, सगळ्यांत मोठे घर होते ते कान्याचे.

काना हा सुटा असतो हे मला तिथे कळले. शाळेत तो अक्षराच्या अंगाला चिकटलेलाच भेटायचा, क ला काना का, ख ला काना खा. छापखान्यात तो एकटा पडून असायचा. शिशाची एक उभी काडी, कुणाच्याही शेजारी बसायला तयार.

लग्नसराईत काने संपत. मराठीत कान्याशिवाय लग्न होत नाही. मामा, मामी, काका, आत्या, आजोबा, सगळ्या आप्तांना काना हवाच. मग मामा छापून झालेली एखादी पत्रिका सोडवायला घ्यायचा. ओळी मोकळ्या करून खिळे परत आपापल्या घरात टाकायचे, तेही न बघता. एका लग्नातले काने संध्याकाळपर्यंत दुसऱ्या लग्नात गेलेले असत. “चि. सौ. कां.” एवढे मात्र कधी सोडवायचे नाही. दोऱ्याने बांधून तसेच फळीवर ठेवलेले असायचे, नवरीची वाट पाहत.

एका दुपारी काम नव्हते. मामाने केसमधून चार खिळे काढले, न, व, र आणि काना. ते ओळीत लावले, बोटाने शाई पुसली आणि कागदाच्या कपट्यावर दाबले. उमटले ‘नवरा’. मग तेच चार खिळे मागेपुढे केले आणि दुसऱ्या कपट्यावर दाबले. मी वाचले, ‘वानर’. किती वेळ हसत होतो कोण जाणे. संध्याकाळी दोन्ही कपटे मामीपुढे ठेवले. तिने ते शेजारीशेजारी धरून पाहिले आणि म्हणाली, “ह्यात नवीन काय आहे?”

त्या सुट्टीत मला दुसरे काही सुचले नाही. मामाने झिजलेले, वितळवायला काढलेले मूठभर खिळे मला दिले होते. (शिशाचे खिळे आज कोणी पोराच्या हातात देणार नाही, आणि ते बरोबरच आहे.) त्या चारच खिळ्यांतून नर निघाला, वर निघाला, वन, रान, राव, नाव, वार, नवा. दरवेळी वाटायचे आता संपले, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर आणखी एक सुचायचा. ह्या खेळाची गंमत हीच आहे. शब्दकोड्यात उत्तर दुसऱ्या कोणाच्या तरी खिशात असते आणि ते आपण काढून घ्यायचे असते. इथे सगळे आपल्यासमोर उघडे पडलेले असते, कोणी काही लपवलेले नसते, तरी दिसत नाही. ‘नाव’ काही माझ्यापासून लपून बसलेली नव्हती. मी नवऱ्याकडे बघत होतो म्हणून ती दिसत नव्हती, एवढेच.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि हा खेळ मला महागात पडला. पावसामुळे खेळाचा तास वर्गातच झाला आणि बाईंनी फळ्यावर ‘विमानतळ’ हा शब्द लिहून त्यातून शब्द काढायला सांगितले. विमान सगळ्यांनी काढले. मग मान, मात, माळ, नळ, तळ. एका हुशार मुलीने ‘तमा’ काढला, तिचेच पुढे ‘विनत’ आले. मी हात वर करून म्हणालो, “वामन.” बाई म्हणाल्या, “वा कुठे आहे?” मी म्हणालो, मा मधला काना काढायचा आणि व ला लावायचा. बाई म्हणाल्या, “अक्षर फोडायचं नाही.” मी म्हणालो, छापखान्यात फोडतात. बाई म्हणाल्या, “मग छापखान्यातच जाऊन बस.” वर्ग हसला. मला अपमानापेक्षा दुःख जास्त झाले, कारण काना मोकळा केला तर त्या एका शब्दातून काय काय निघत होते: मन, मत, वन, नाव, नाम, तवा, मळा, तान, वात, नाळ. फळ्यावर एवढे मोठे गाव वसले होते आणि आम्हाला त्याच्या वेशीवर थांबायला सांगितले होते.

त्या रात्री वहीत मी फळ्यावरच्या शब्दाचे मामाच्या पद्धतीने खिळे केले. व, म, न, त, ळ, एक काना, एक वेलांटी. आणि एकदम ‘वनमाळी’ समोर आला. व, न, मा, ळ आणि वेलांटी! केवढा शब्द, आणि किती जुना. लिहून टाकला आणि मग लक्षात आले की विमानातली वेलांटी पहिली आहे, वनमाळीची दुसरी. हातात आलेला वनमाळी वेलांटीच्या एका वळणावरून निसटला. छापखान्यात ह्या दोन वेलांट्यांची घरे वेगळी, तिथे उसनवारी चालत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लावायची, दुसरी नंतर. मामाला चुकून कोणी एकीच्या घरात दुसरी टाकलेली सापडली तर तो दिवसभर कुरकुरायचा. मी ‘वनमाळी’ खोडला. तो खोडताना जी हळहळ वाटली ती अजून आठवते.

आज वाटते, बाई चुकल्या नव्हत्या. अक्षर ह्या शब्दातच तो हट्ट आहे. जे झिजत नाही, सरत नाही ते अक्षर. ‘मा’ हा एकच उच्चार आहे. तोंडाने तो म आणि काना असा दोन तुकड्यांत म्हणून दाखवता येत नाही. मराठी कान अक्षराअक्षराने ऐकतो. ‘चिमा काय कामाची’ किंवा ‘रामाला भाला मारा’ ही उलटसुलट सारखी वाक्ये आपण लहानपणी म्हटलेली असतात, ती अक्षरे न फोडताच जमलेली आहेत (चिमाची वेलांटी कानाला चालून जाते). काने सुटे केले तर ‘चिमा’ उलटीकडून कामाची राहत नाही. पण छापणाऱ्याचा हात वेगळा हिशेब करतो. त्याला दर खिळ्याचे पैसे पडतात. सावरकरांनी ‘अ’चीच बाराखडी करून अि, अी, अु लिहायला सांगितले त्यामागे हाही हिशेब होता, आणि सांगलीजवळच्या किर्लोस्करवाडीहून निघणाऱ्या मासिकांनी ती काही काळ चालवलीही. मामाला ती आवडायची नाही. “घरं वाचतात, पण वाचताना दातात खडा येतो,” म्हणायचा.

शाळेचा नियम पाळूनही काही जागा अशा सापडतात की माणूस थबकतो. ‘कविता’ घ्या. क, वि, ता. तीन अक्षरे आणि एकही न फोडता त्यांचे होते ‘विकता’. कविता विकता येत नाही, हे वाक्य मराठी प्रकाशकांकडून आजवर इतक्या कवींनी ऐकले असेल, पण हे दोन शब्द एकाच मातीचे आहेत हे किती जणांच्या ध्यानात आले असेल? त्याच तीन अक्षरांतून ‘ताक’ही निघते. आणि ज्याची वाट बघावी तो कवी मात्र निघत नाही. १९६२ साली मान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी शेवटचा इकार दीर्घ केला, तेव्हापासून कवी दुसऱ्या वेलांटीचा झाला आणि कविता पहिल्याच वेलांटीची राहिली. त्याआधी तो तिच्यात सुखाने राहत होता.

आणखी एक जोडी आहे, ती मामाच्या अंगावर आलेली. एका कापड दुकानाचे दसऱ्याचे हँडबिल होते. घाईत पहिली दोन अक्षरे मागेपुढे झाली आणि ‘दसऱ्याची खास सवलत’च्या जागी ‘सदऱ्याची खास सवलत’ उमटले. अशा चुकांना आपल्याकडे मुद्राराक्षसाचा प्रताप म्हणतात. एका संस्कृत नाटकाचे भारदस्त नाव मराठीने छापखान्यातल्या भुताला देऊन टाकले. ते हँडबिल प्रुफातून सुटले, मशीनवर चढले, गावभर वाटले गेले. आणि कोणाला काही कळलेच नाही! कापडाचे दुकान, सदऱ्यावर सवलत, अर्थ चोख लागत होता. फक्त लोक येऊन सदऱ्याचेच कापड मागायला लागले आणि धोतरजोड्या पडून राहिल्या. दुकानदाराला दिवाळीपर्यंत उलगडा झाला नाही. मामाने तो केलाही नाही.

हे आठवले की मला खगोलशास्त्रज्ञ केप्लर आठवतो. १६१० साली गॅलिलिओला दुर्बिणीतून शनी तिहेरी दिसला, मधे एक आणि दोन बाजूंना दोन. ती कडी होती, पण त्या दुर्बिणीला तेवढे उमगत नव्हते. शोध आपला ठरावा आणि तो कोणी चोरूही नये म्हणून त्याने लॅटिन वाक्याची अक्षरे विस्कटून ती माळ धाडून दिली. प्रागला बसलेल्या केप्लरने ती जुळवायला घेतली. पृथ्वीला एक चंद्र, गुरूला चार सापडलेले, म्हणजे मंगळाला दोन असले पाहिजेत असे त्याच्या मनाने आधीच घेतले होते. आणि त्या अक्षरांतून त्याने मंगळाच्या जुळ्या सोबत्यांना अभिवादन करणारी ओळ काढली. उत्तर साफ चुकले. आणि १८७७ साली वॉशिंग्टनला असफ हॉलने मंगळाचे चंद्र शोधले ते दोनच निघाले. मामाचा सदरा आणि केप्लरचा मंगळ मला एकाच ताग्यातले वाटतात. अक्षरे तीच असतात; आपण मनात जे घेऊन बसतो तिकडे ती कलतात.

मोठेपणी इंग्रजीतला स्क्रॅबल खेळलो. शंभर ठोकळे, हातात सात. तो रचणारा आल्फ्रेड बट्स हा १९३०च्या मंदीत काम गेलेला अमेरिकन वास्तुविशारद. कुठले अक्षर किती वेळा लागते हे त्याने वर्तमानपत्राची पाने मोजून ठरवले, आणि ‘ई’चे बारा ठोकळे ठेवले. वाचून वाटले, ह्याने एवढे कशाला मोजले? कुठल्याही छापखान्यात जाऊन सगळ्यांत मोठे घर कोणाचे हे विचारले असते तरी चालले असते.

नोकरीसाठी मुंबईला आलो आणि लोकलच्या खिडकीतून हा खेळ पुन्हा सुरू झाला. फलाटावरची पाटी डोळ्यांपुढून जाते तेवढाच वेळ. दादर हे गर्दीचे नाव, पण त्यात दार आहे, आणि दार अडवून उभे राहणाऱ्यांना द्यायची दादही आहे. परळमधून ‘पळ’ निघतो, आणि तिथल्या जिन्यावर तो पुरेसा आहे. कर्जतमध्ये कर्ज सगळ्यांना दिसते. ‘तर्ज’ दिसायला मला वर्ष लागले. मालाडला लाड आहेत, माड आहे, आणि मधेच कुठून तरी आलेला एक लामा आहे. नालासोपारा म्हणजे तर दिवाळी. नाला, पारा, पाला, नारा, सोपा; गळका नळ दुरुस्त करायचा पानाही त्यातच. पुढच्या माणसाच्या खांद्यावरून जेवढी पाटी दिसेल तेवढीवरच कधी भागवावे लागते. एकदा विरारच्या गर्दीत नुसते ‘सोपा’ एवढेच दिसले आणि मला भयंकर हसू आले.

शब्द कुठे तोडायचा ह्यावर सगळे असते, हे खरे तर आपल्याला लहानपणीच सांगितलेले असते. वाल्या कोळ्याच्या तोंडी राम येईना म्हणून नारदाने त्याला ‘मरा’ म्हणायला लावले. मरा, मरा, मरा. त्याच्या पापाचे खडे रांजणात मोजलेले, पण पुण्याची सगळी मदार मधल्या न घेतलेल्या श्वासावर. दोनच अक्षरे होती. कुठलेही फोडावे लागले नाही, एकही नवे आणावे लागले नाही.

परवा भाच्याने मला संगणकावर एक प्रोग्राम करून दाखवला. अक्षरे द्यायची, तो सगळे क्रम लावतो आणि शब्दकोशातले निवडून काढतो. मी ‘विमानतळ’ दिला. अक्षरे धरली तर पाच, म्हणजे १२० क्रम. खुणा सुट्या धरल्या तर सात, म्हणजे ५,०४०. संगणक मामाच्या बाजूचा निघाला. त्याच्या लेखी काना, वेलांटी, उकार ह्यांना स्वतंत्र क्रमांक आहेत, ते सुटे साठवले जातात. फक्त पहिली वेलांटी मामा अक्षराच्या आधी लावायचा आणि संगणक ती अक्षराच्या नंतर साठवून दाखवताना आधी आणतो. मामाला हे पटले नसते. भाच्याने निवड बंद करून पाच हजार ओळी पडद्यावर सोडल्या. त्यांत कितीतरी ओळी कान्यानेच सुरू होत होत्या. ज्याला टेकायला अक्षर मिळाले नाही अशा कान्याला संगणक एक ठिपक्याठिपक्यांचे रिकामे वर्तुळ देतो, आणि काना त्याला धरून उभा राहतो. भाचा म्हणाला, “हा कचरा आहे, काढून टाकतो.” मी म्हटले, राहू दे थोडा वेळ.

‘वामन’ त्याने पापणी लवायच्या आत काढला. ‘वनमाळी’ नाही काढला.

ऑफसेट आले, मग डीटीपी, आणि मामाचा छापखाना इतरांसारखाच बंद झाला. खिळे वजनावर गेले. रिकाम्या केस हल्ली लोक भिंतीवर टांगतात, त्यांच्या घरांत छोटे छोटे गणपती ठेवतात, दिसते चांगले. मामा शेवटची दहा वर्षे घरी होता. बोटे तशीच हलत राहायची, ताटातला भात चाचपतानासुद्धा. मामाला जाऊन आता सहा वर्षे झाली. माझ्याकडे राहिला तो एक बिस्किटांचा डबा, त्या सुट्टीतल्या मूठभर खिळ्यांचा. मधल्या काळात घरे बदलली, डबा पोरांच्या हाती लागला, काही खिळे कोनाकोपऱ्यात गेले. परवा सगळे टेबलावर मांडून मोजले. तेवीस आहेत. त्यांतून रस निघतो, सर निघतो, घर निघते, वर, नर, वन निघतात. न, व, र तिन्ही शाबूत आहेत, पण नवरा लागत नाही आणि वानरही. म दोन आहेत. काना एकही नाही.

तुमच्यापैकी कोणाच्या माळ्यावर, बंद पडलेल्या एखाद्या छापखान्याच्या खोक्यात, १२ पॉइंटचे काने पडून असतील तर कळवा. मला दोनच हवे आहेत.